पाणीपट्टीचें माप : घर, नळ कीं घागर?

गेल्या वैशाखांत आमच्या एका दिवंगत स्नेह्याच्या वाड्यांतील दफ्तर पाहण्याचा योग आला. माळ्यावरील लाकडी पेटींत कांहीं पोथ्या, कुळकर्णाचे थोडे कागद, जमाखर्चाच्या चोपड्या आणि तळाशीं लाल रुमालांत बांधलेला पावत्यांचा जुडगा, एवढा ऐवज निघाला. पोथ्यांत अपूर्व असें कांहीं नव्हतें. कुळकर्णी कागदांचा परामर्श पुढें केव्हां तरी घेऊं. प्रस्तुत लेखास निमित्त झाल्या त्या लाल रुमालांतील पावत्या. त्या त्या गांवच्या नगरपालिकेच्या पाणीपट्टीच्या असून स्नेह्याच्या वडिलांपासून वर्षवार जपून ठेविलेल्या होत्या. संशोधक अशा कागदांस सहसा हात लावीत नाहींत. आम्हीही तो जुडगा बाजूस सारणार होतों. इतक्यांत पेटीजवळ बसलेल्या वहिनींनीं एक प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नानें आम्हांस निरुत्तर केलें.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, या घरांत येऊन मला पन्नास वर्षें झालीं. तांदुळाच्या धुवणाचें पाणी तुळशीला, कपड्यांचें शेवटचें पाणी अंगणाला, असें करीत आलें. नळ टपकूं लागला तर त्याच दिवशीं वायसर बदलून घेतला. शेजारीं तर नळ दिवसभर वाहतो. मग त्यांची पट्टी आणि आमची पट्टी एकच कशी? मी वांचवलेलें पाणी गेलें कोठें?"

पावत्या उलगडून पाहिल्या. प्रत्येकीवर घराचा क्रमांक, खातेदाराचें नांव, 'नळ अर्धा इंची' हे शब्द, वर्षाची रक्कम आणि थकबाकी, एवढे रकाने होते. पाणी किती घेतलें, याचा रकाना एकाही पावतीवर नव्हता. ज्या गोष्टीस कागदावर जागा नाहीं ती हिशेबांत नाहीं, हें दफ्तरें चाळणारांस सांगावयास नको. वहिनींची काटकसर खरी होती. परंतु तिची नोंद कोणींच घेतली नव्हती.

शहरांत पाणी जपून वापरल्यास घराच्या पट्टीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न आज पुष्कळ ठिकाणीं विचारला जातो. पाणी वांचवाल तर पैसा वांचेल, असा सोपा उपदेश त्यावर केला जातो. उलट लोकांनीं पाणी वांचविलें म्हणून दर वाढले, अशीही तक्रार ऐकूं येते. आमच्या मतें हीं दोन्ही विधानें अर्धीं खरीं आहेत. पट्टी कोणत्या मापानें बसविली आहे हें आधीं पाहिलें पाहिजे, आणि तें माप इतिहासांत वेळोवेळीं बदलत आलेलें आहे. तें कसें बदललें आणि प्रत्येक वेळीं पाणी जपणाराच्या पदरांत काय पडलें, एवढें दाखविण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

(१)

पाण्याच्या आकारणीचा आमच्या वाङ्मयांतील प्रसिद्ध आधार म्हणजे कौटिल्याचें अर्थशास्त्र. त्याची संहिता आर. शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें १९०९ मध्यें प्रथम छापून प्रसिद्ध केली, हें वाचकांस विदितच आहे. त्यांतील सीताध्यक्षाच्या प्रकरणांत 'उदकभाग' सांगितला आहे. हातानें पाणी नेऊन शेत भिजविणारानें पांचवा भाग द्यावा, खांद्यावरून नेणारानें चौथा, प्रवाहास यंत्र लावणारानें तिसरा. आणि नदी, सरोवर, तलाव किंवा विहीर यांतून उपसणारानें चौथा. हे भाग शेताच्या पिकाचे आहेत, घरगुती पाण्याचे नव्हेत. तथापि त्यांतील धोरण लक्षांत घेण्याजोगें आहे. येथें पाणी मोजलेलें नाहीं. पाणी कोणत्या साधनानें घेतलें हें मोजलें आहे. ज्याचे कष्ट अधिक त्याचें देणें कमी, आणि ज्याचें साधन मोठें त्याचें देणें मोठें.

त्याच ग्रंथांत धर्मस्थीय अधिकरणांत दुसरी एक गोष्ट आहे. जो नवा तलाव किंवा बंधारा घालील त्यास पांच वर्षें परिहार, म्हणजे करमाफी. मोडून पडलेला दुरुस्त करील त्यास चार वर्षें. रान माजलेला साफ करील त्यास तीन वर्षें. पाणी राखणारास त्याचा लाभ त्याच्या स्वतःच्या देण्यांत दिसावा, हा विचार यांत स्पष्ट आहे. आज पुणें महानगरपालिका पर्जन्यजलसंचय, सौरऊर्जा व गांडूळखत यांपैकीं एक योजना राबविणाऱ्या घरास मिळकतकरांत ५ टक्के व दोन किंवा अधिक राबविणाऱ्यास १० टक्के सूट देते. ही सूट पाहिली म्हणजे कौटिल्याचा परिहार आठवल्यावांचून राहत नाहीं. परंतु हीं दोन्ही उदाहरणें बांधकामाबद्दलच्या बक्षिसाचीं आहेत. रोजच्या रोज हंडाभर पाणी कमी वापरणारी गृहिणी या दोहोंतही बसत नाहीं. तिच्यासाठीं दुसरें माप शोधिलें पाहिजे.

(२)

शहराच्या पाण्याचें सर्वांत जुनें तपशीलवार दफ्तर जर कोणी आपणांस दिलें असेल तर तें रोमच्या सेक्स्टस ज्यूलियस फ्राँटिनस यानें. इ. स. ९७ मध्यें नर्व्हा बादशहानें त्यास शहराच्या पाण्याचा अधिकारी नेमिलें. हा पूर्वीं ब्रिटनचा सुभेदार राहिलेला अनुभवी गृहस्थ. कारकुनांच्या तोंडाकडे पाहून कारभार करणें त्यास कमीपणाचें वाटलें, म्हणून त्यानें नऊही जलमार्ग स्वतः पाहून त्यांवर एक ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ माँटे कासीनो येथील मठांतील बाराव्या शतकाच्या एका हस्तलिखितामुळें वांचला. १४२९ मध्यें पोज्जो ब्राच्योलीनी यास तें हस्तलिखित तेथें सांपडलें. एका मठांतील एक पोथी नष्ट झाली असती तर पुढील माहिती जगास कळली नसती, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस मुद्दाम सांगावेंसें वाटतें.

रोममध्यें ज्याच्या घरीं पाणी द्यावयाचें त्यास बादशहाची सनद लागे, आणि त्या सनदेचें माप नळाचें तोंड हें असे. सव्वा अंगुळ व्यासाच्या नळास 'क्विनारिया' म्हणत. त्या प्रमाणानें हक्क मोजीत. हौदापाशीं कांशाची ठराविक लांबीची तोटी बसवून तिच्यावर शिक्का मारीत, म्हणजे ती कोणी रुंद करूं नये. पाणी रात्रंदिवस वाही. ज्यास पांच क्विनारिया मिळाल्या त्याच्या घरीं तेवढ्या तोंडानें पाणी येतच राही. त्यानें तें वापरलें काय आणि गटारांत सोडलें काय, हक्कांत भेद होत नसे. सबब घरांत पाणी वांचविणें ही कल्पनाच या पद्धतींत अर्थशून्य होती.

परंतु वांचविण्याचा प्रश्न दुसरीकडून उपस्थित झाला. फ्राँटिनसानें सरकारी वह्या तपासल्या तों जमेस १२,७५५ क्विनारिया आणि वांटपास १४,०१८ असे आंकडे निघाले. जमेपेक्षां खर्च अधिक, असा विलक्षण ताळेबंद पाहून त्यानें स्वतः मोजणी केली, तेव्हां उगमाशीं वहींतल्यापेक्षां पुष्कळच अधिक पाणी आढळलें. मधलें पाणी गेलें कोठें? कांहीं फुटक्या नळांतून, कांहीं बिनशिक्क्याच्या मोठ्या तोट्यांतून, आणि कांहीं पाणीखात्याच्याच नोकरांनीं रस्त्याखालीं नळांस भोंकें पाडून विकलें. त्याच ग्रंथांत पाण्याच्या हक्कांपासूनचें उत्पन्न सुमारें २,५०,००० सेस्टर्स सांगितलें आहे. तें डोमिशियन बादशहा आपल्या खाजगी पेटींत टाकी, तें नर्व्हानें लोकांस परत दिलें.

तात्पर्य, जेथें नळाचें तोंड हेंच माप, तेथें घरची काटकसर हिशेबांत येत नाहीं आणि बाहेरची गळती व चोरी ती गिळून टाकते. वहिनींच्या पावतीवरील 'नळ अर्धा इंची' हे शब्द रोमच्या या क्विनारियाचे वंशज होत. महाराष्ट्रांतील अनेक नगरपालिकांत अद्यापि नळाच्या व्यासावर वर्षाची ठोक रक्कम घेतात.

(३)

आतां घराजवळ येऊं. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांच्या कारकीर्दींत (१७४०-१७६१), १७५० च्या सुमारास, कात्रज येथें तलाव बांधून त्याचें पाणी जमिनीखालील बांधीव नळानें शनिवारवाड्यापर्यंत आणिलें. वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेविले. तेथें गाळ खालीं बसे, वारा खेळे आणि माणूस उतरून सफाई करी. शहरांत या व अशाच दुसऱ्या नळांवर हौद बांधले गेले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद हीं नांवें पुणेकरांच्या जिभेवर अजून आहेत. कात्रजच्या नळाचे अवशेषही आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिले असतील.

रोमप्रमाणेंच हा नळ उतारानें अखंड वाहणारा. परंतु एक मोठा भेद आहे. रोमच्या धनिकाच्या घरांत पाणी आपोआप येई. पुण्याच्या सामान्य घरांत तें हौदावरून घागरीनें येई. म्हणजे घरोघर एक बिनचूक मापयंत्र होतें, आणि तें म्हणजे घागर वाहणारीची कंबर किंवा पाणक्याचा खांदा. एक घागर कमी लागली कीं एक खेप वांचली. पाणक्या ठेवणारास ती वेतनांत दिसे, आणि ज्या घरीं सुनाच पाणी भरीत त्या घरीं ती सुनांच्या पाठीस कळे. धुवणाचें पाणी तुळशीस घालण्याची जी रीत वहिनींनीं चालविली ती या काळची आहे. ती केवळ धर्मबुद्धीनें पडली नाहीं. पाण्याचें वजन रोज अंगावर येत होतें म्हणून पडली. नळ घरांत आला तेव्हां कष्ट गेले, हें मोठेंच कल्याण झालें, विशेषतः बायकांचें; परंतु कष्टांबरोबर मापही गेलें. रीत तेवढी मागें राहिली.

(४)

मुंबईंत हा फरक अधिक स्पष्टपणें दिसतो. त्या बेटावर पूर्वीं विहिरी व तलाव यांवर निर्वाह होई. धोबीतलाव, गोवालिया तलाव हीं आतां केवळ स्थळनामें उरलीं आहेत. १८५० नंतरच्या दशकांत टंचाई असह्य झाली, तेव्हां हेन्री कॉनीबेअर याच्या योजनेप्रमाणें मिठी नदी अडवून विहार तलाव केला. तो १८६० मध्यें पुरा झाला. पुढें तुळशी १८७९ मध्यें, तानसा १८९२ मध्यें. नळ आला कीं खर्च आला, आणि खर्च आला कीं तो कोणत्या मापानें वसूल करावा हा प्रश्न आला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमांत घराच्या करयोग्य मूल्यावर शेंकडा कांहीं पट्टी घेण्याची आणि तिच्याऐवजीं मोजून आकार घेण्याची, अशा दोन्ही वाटा ठेविल्या गेल्या.

घराच्या मूल्यावर पट्टी बसविण्यांत एक न्याय आहे. मोठ्या बंगल्यावर अधिक आणि लहान खोलीवर कमी बोजा पडतो. गरिबास पाणी तोडावें लागत नाहीं. वसूल करणेंही सोपें. घर पळून जात नाहीं. परंतु त्यांत पाणी हा शब्द केवळ नांवाला असतो. एका किंमतीच्या दोन घरांत एकांत दोन माणसें आणि दुसऱ्यांत दहा असलीं तरी पट्टी एकच. पाणी जपणारास तींत दमडीचा लाभ नाहीं आणि उधळणारास दमडीचा दंड नाहीं.

याच शहरांत दुसरीही एक घटना घडली. डॉ. बेंटली याच्या १९११ च्या हिंवतापावरील अहवालानंतर डांस वाढतात म्हणून घरगुती विहिरी बुजविण्याची किंवा झांकण्याची मोहीम निघाली. हिंदूंनीं व पारशांनीं धर्माच्या कारणास्तव पुष्कळ विरोध केला. चर्चगेटजवळील भिखा बेहराम यांची १७२५ ची विहीर आजही पूज्य मानली जाते. रोग हटविण्यासाठीं तें आवश्यक असेल. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें परिणाम असा झाला कीं विहीर बुजली तें घर सर्वस्वीं नळावर आलें. ज्या पाण्यास पूर्वीं दोर आणि बादली एवढाच खर्च होता तें आतां पट्टींत शिरलें.

ही पद्धति केवळ आमच्याकडे आहे असें नाहीं. इंग्लंडांत ज्या घरांस अद्यापि मीटर नाहीं त्यांपैकीं बहुतेकांची पट्टी आजही १९९० पूर्वीं ठरलेल्या जुन्या करयोग्य मूल्यावर घेतली जाते. जुनें दफ्तर किती दीर्घकाळ लोकांच्या खिशावर राज्य करतें याचें हें चांगलें उदाहरण आहे.

(५)

उरलें तें प्रत्यक्ष पाण्याचें माप, म्हणजे मीटर. मीटर लाविल्यानें लोक पाणी कमी वापरतात काय, याची इंग्लंडांत १९८९ ते १९९३ या काळांत अनेक ठिकाणीं मुद्दाम परीक्षा करण्यांत आली. वापर सरासरीनें सुमारें ११ टक्के घटला, असा तिचा निष्कर्ष आहे. म्हणजे कंबरेवरची घागर कांट्यावर आली कीं माणूस पुन्हा विचार करूं लागतो, हें सिद्ध झालें.

मुंबईच्या अलीकडील दरपत्रकांत याच तत्त्वाची चढती पायरी आहे. माणशीं रोज १५० लिटरपर्यंत मूळ दर, त्यापुढें दुप्पट, तिप्पट, चौपट, अशी रचना आहे. शिवाय मलनिस्सारणाचा आकारही पाण्याच्या आकारावरच शेंकडेवारीनें बसतो. येथें पाणी जपणारास दुहेरी लाभ आहे: पाणी कमी तर पाण्याचा आकार कमी, आणि त्यावरचा मैलापाण्याचा आकारही कमी. परंतु एक अडचण राहतेच. बहुतेक इमारतींस संस्थेचा एकच मीटर असतो आणि बिल बिऱ्हाडांत वांटून घेतात. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतींत एकीनें शंभर रुपयांचें पाणी वांचविलें तर तिच्या वांट्यास अडीच रुपये येतात आणि बाकीचे साडेसत्त्याण्णव शेजाऱ्यांत वांटले जातात. इमारतीबाहेर मीटर आणि इमारतीच्या आंत पुन्हा ठोक पट्टी, असा हा प्रकार आहे.

(६)

आतां त्या दुसऱ्या तक्रारीकडे वळूं, कीं लोकांनीं पाणी वांचविलें म्हणून दर वाढले. ही तक्रार खोटी नाहीं. नगरपालिकेचा पाण्यावरचा खर्च पाहिला तर त्याचा मोठा भाग धरणाच्या कर्जाचें व्याज, नळांची दुरुस्ती, शुद्धीकरणाचीं यंत्रें आणि नोकरांचे पगार यांवर होतो. पाणी थोडें वाहिलें म्हणून हा खर्च थांबत नाहीं. कमी होतो तो पंपाच्या विजेचा आणि औषधांचा.

हिशेब सोपा करून सांगतों. समजा, एका गांवाचा प्रत्येक घरामागें खर्च १०० रुपये आहे; त्यांपैकीं ८० रुपये अचल आणि २० रुपये पाण्याबरोबर कमीजास्त होणारे. सर्व गांवानें मिळून पांचवा हिस्सा पाणी वांचविलें. खर्च किती घटला? विसाचा पांचवा हिस्सा, म्हणजे ४ रुपये. मीटरवरची वसुली मात्र १०० वरून ८० वर आली. गांवाचा खर्च ९६ आणि वसुली ८०. मधले १६ रुपये भरून काढण्यास दर सव्वापट नव्हे, पण एकपंचमांशानें वाढवावा लागतो. मग ज्या घरानें पांचवा हिस्सा पाणी वांचविलें त्याचें बिल ९६ रुपये होतें. त्यास वीस रुपयांची आशा होती, मिळाले चार. ज्यानें कांहींच वांचविलें नाहीं त्याचें बिल १०० चें १२० झालें. आणि ज्यानें दोनपंचमांश वांचविलें त्याचें ७२ झालें.

या उदाहरणाचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. सर्वांनीं मिळून वांचविलें तर सर्वांचें बिल थोडेंच कमी होतें. परंतु शेजाऱ्यापेक्षां जो अधिक वांचवितो त्याचें पुष्कळ कमी होतें, आणि उधळणाराचें वाढतें. म्हणजे मीटरमुळें गांवाचा खर्च फारसा घटत नसून ओझें एका खांद्यावरून दुसऱ्यावर जातें. तें योग्य खांद्यावर जातें, हें खरें. पण ज्या घरांत माणसें पुष्कळ आणि मिळकत थोडी तें घरही उधळ्यांच्या रांगेंत बसूं शकतें, हा धोका विसरतां कामा नये.

दक्षिण आफ्रिकेंतील केप टाऊन शहरीं हा प्रकार सर्वांच्या डोळ्यांदेखत घडला. २०१५ पासून तेथें अवर्षण पडलें. २०१८ च्या फेब्रुवारींत माणशीं रोज ५० लिटरची मर्यादा घातली गेली आणि नागरिकांनीं शहराचा वापर अवर्षणापूर्वींच्या निम्म्याहून खालीं आणून संकट टाळिलें. जगांत क्वचितच एवढी काटकसर कोणत्या शहरानें केली असेल. परंतु पाणी कमी विकलें गेल्यामुळें खजिन्यांत तूट आली, आणि त्याच वर्षाच्या जुलैपासून मीटरच्या आकाराशिवाय नळाच्या व्यासावर एक ठराविक आकार बसविण्यांत आला. म्हणजे लोकांनीं पाणी वांचविल्यावर शहर मीटरवरून पुन्हा नळाच्या तोंडाकडे वळलें. फ्राँटिनस हें पाहता तर त्यास आपली क्विनारिया ओळखूं आली असती.

(७)

इतकें वाचल्यावर, मग पाणी वांचवून काय उपयोग, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर देण्यास एक वर्षाचा हिशेब पुरत नाहीं. तीस वर्षांचा लागतो. अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानांतील वेस्टमिन्स्टर या शहरीं नागरिकांनीं नेमका वहिनींचाच प्रश्न विचारला: आम्हीं पाणी वांचविलें, तरी दर वाढले कां? शहराच्या अधिकाऱ्यांनीं १९८० ते २०१० पर्यंतचे कागद काढले. माणशीं वापर या तीस वर्षांत २१ टक्के घटला होता. मग त्यांनीं उलट हिशेब मांडला: वापर घटलाच नसता तर वाढत्या वस्तीसाठीं किती पाणी नव्यानें विकत घ्यावें लागलें असतें, किती शुद्धीकरण केंद्रें बांधावीं लागलीं असतीं, आणि त्यांचा बोजा दरावर किती पडला असता? २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेलें उत्तर असें कीं दर होते त्याहून ९१ टक्के अधिक झाले असते. काटकसरीनें दर उतरविले नाहींत. त्यांची चढण थोपविली.

मुंबईच्या तलावांची यादी या दृष्टीनें पुन्हा वाचावी. विहार शहराच्या अगदीं जवळ. तानसा सुमारें शंभर किलोमीटरांवर. १९५७ चें वैतरणा, ज्यास मोडकसागर म्हणतात, १९७३ चें ऊर्ध्व वैतरणा, आणि २०१४ चें मध्य वैतरणा हीं त्याच दूरच्या डोंगरांत. सोपें पाणी प्रथम घेतलें जातें आणि अवघड पाणी मागाहून. म्हणून प्रत्येक नवें पाणी जुन्याहून महाग पडतें. त्यांत धरणाखालीं गेलेल्या जमिनींची किंमत तर कोणत्याच बिलांत पुरती येत नाहीं. वाढत्या खर्चाचा भार वर्षानुवर्षें थोडा थोडा दरांत यावा म्हणून मुंबईंत २०१२ मध्यें पाण्याच्या दरांत प्रतिवर्षीं ८ टक्क्यांपर्यंत वाढ करण्याचें धोरण ठरलें. अशा स्थितींत पुढील धरण दहा वर्षें लांबलें तरी तो लाभ प्रत्येक घरास मिळतो. मात्र तो न आलेल्या बिलाच्या रूपानें मिळतो, आणि न आलेल्या बिलाची पावती कोणी देत नाहीं.

(८)

आतां वहिनींस उत्तर देतां येईल. त्यांनीं वांचविलेलें पाणी तीन ठिकाणीं गेलें. कांहीं शेजाऱ्याच्या वाहत्या नळांतून गेलें, कारण पट्टी नळाच्या तोंडावर होती. कांहीं रस्त्याखालच्या फुटक्या नळांतून गेलें; रोमपासून तें जातच आहे. आणि कांहीं गांवच्या तलावांत राहिलें व पुढचा खर्च लांबवून गेलें. उद्यां त्यांच्या गांवीं मीटर आला तर शेजाऱ्याच्या मानानें त्यांचें बिल खात्रीनें कमी येईल. परंतु त्या जेवढें पाणी वांचवितात तेवढ्या प्रमाणांत तें उतरणार नाहीं, हेंही त्यांस आधींच सांगितलें पाहिजे. पाणी जपणारास खोटी आशा दाखविली तर पहिल्या दरवाढीबरोबर त्याचा विश्वास जातो, आणि विश्वासाबरोबर पन्नास वर्षांची रीतही जाते. नळावरचा ठराविक आकार आणि मीटरवरचा आकार हे बिलांत वेगळे दाखवावे, गळती किती तें दरवर्षीं छापावें, आणि इमारतींत बिऱ्हाडागणिक मोजणी व्हावी. एवढें झालें तरी निम्मा गैरसमज दूर होईल असें आम्हांस वाटतें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. वेस्टमिन्स्टरच्या लोकांस त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें तें तीस वर्षांचे कागद हातीं होते म्हणून. फ्राँटिनसास चोरी सांपडली ती दोन वह्या एकमेकींशीं ताडून पाहिल्या म्हणून. आमच्या शहरांतून पाणीपट्टीच्या पावत्या, नगरपालिकांचीं जुनीं अंदाजपत्रकें, नळजोडणीचे अर्ज, विहिरी बुजविल्याच्या नोटिसा हे कागद रद्दींत जात आहेत. सनद आणि बखर जपणारे आपण, या कागदांस मात्र अक्षर वाईट आणि कागद पिंवळा म्हणून टाकून देतों. ज्यांच्या हातीं ते पडतील त्यांनीं निदान पांच गोष्टी टिपून ठेवाव्या: वर्ष, आकारणीचें माप, नळाचा व्यास, पाण्याची नोंद असल्यास ती, आणि रक्कम. शंभर घरांच्या अशा नोंदी जमल्या तर एका गांवाच्या काटकसरीचा इतिहास लिहितां येईल. आज तो कोणत्याही गांवाचा लिहिलेला आमच्या पाहण्यांत नाहीं.

वहिनींनीं तो लाल रुमाल आमच्या स्वाधीन केला आहे. त्यांतील पावत्यांची यादी करण्याचें काम चालू असून तें पुरें होतांच मंडळाच्या संग्रहीं ठेवण्यासाठीं पाठवूं. वहिनींनीं देतांना एवढेंच सांगितलें, "भाऊजी, मी पाणी जपलें तें यांत कुठें लिहिलेलें नाहीं, तेवढें तुम्हीं लिहून ठेवा." त्याप्रमाणें येथें लिहून ठेविलें आहे.